अमेरिकेहून आलेले पेले

बनुबाई समोरून येताना दिसली की भालोरीतली निम्मी माणसं वाट बदलायची. देवाचं काम करणारी बाई, पण जीभ म्हणजे नुसती कातरी. घोडेगावच्या बाजाराला निघालेला एखादा शेतकरी बैलाच्या पाठीवर ताजा वळ घेऊन तिच्यासमोरून गेला, तर गाडी तिथंच अडवून ती त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. शेतकरी म्हणायचा, बैल माझा आहे. बनुबाई म्हणायची, पाठ त्याची आहे. मग गाडीवान मुकाट्यानं चाबूक खाली ठेवायचा आणि बाई दिसेनाशी झाली की पुन्हा उचलायचा.

ती मिशनची बायबलबाई होती. गावोगाव हिंडायचं, बायकांत बसायचं, येशूच्या गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, हे तिचं काम. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता. तो तापानं गेला तेव्हा ती तिशीतही नव्हती, पोरबाळ नव्हतं. मिशननं तिला नगरला नेऊन शिकवलं आणि खांद्याला एक पिशवी अडकवून परत भालोरीला धाडलं. पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, आयोडिनची बाटली, तापावरचं कोयनेल आणि एरंडेल. लोक चेष्टेनं म्हणायचे, बाईच्या पुस्तिका तशाच राहतात आणि एरंडेल संपतं. ते काही खोटं नव्हतं.

तिची एक रीत होती. नव्या गावात शिरली की चावडीपुढं उभी राहून ती उपदेश झोडत नसे. कुणाच्या घरात पोर आजारी आहे ते विचारायची आणि त्या घरी जाऊन बसायची. पिकलेली गळवं तिनं धुतली, किडे पडलेल्या जखमेत बोटं घातली, बाळंतिणीचं सगळं काढलं. नाक कधी मुरडलं नाही. तिला शिसारी यायची ती माणसांच्या वागण्याची, आणि ती आली की तोंडावर सांगितल्याशिवाय तिला घास जात नसे.

आता ही भालोरीची मंडळी कोण, तेही सांगायला हवं. एके काळचा हा महारवाडा. आज्यांच्या वेळेला मोठ्या दुष्काळात सगळ्या घरांनी बाप्तिस्मा घेतला, दगडी देऊळ बांधलं, घंटा टांगली आणि वाड्याची ख्रिस्तवाडी झाली. ओढ्यापलीकडं मांगवाडा. तिथली माणसं घायपाताचे दोर वळायची, केरसुण्या बांधायची. त्या घरांकडं मात्र शुभवर्तमान घेऊन कुणी गेलं नव्हतं. ओढा तरी केवढा, उन्हाळ्यात कोंबडीचे पाय भिजणार नाहीत एवढं पाणी. पण चाळीस वर्षांत तो कुणाला ओलांडवला नाही, आता बोला.

बनुबाईनं तो ओलांडला, तोही कानाच्या दुखण्यापायी. लंकाबाई म्हणून एक दोर वळणारी होती, तिच्या पोरीच्या कानात पू झाला होता. बनुबाई रोज जाऊन कान साफ करायची. कान बरा झाला तरी ती जातच राहिली. लंकाबाई कमी बोलणारी बाई. घायपातानं तळहात सोललेले, नजर कायम दोरावर. ती दोर वळता वळता ऐकायची. प्रभूची प्रार्थना पाठ झाली, दहा आज्ञा पाठ झाल्या, गाणी झाली. अशी सहा वर्षं गेली. मग एके दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "बाई, मला तुमच्यात घ्या." आणि थोड्या वेळानं दोरावरची नजर न काढता तिनं विचारलं, "तुमच्या देवळात समदी एकाच पेल्यातनं पित्यात म्हनं. खरं हाय का?"

"खरं आहे," बनुबाई म्हणाली. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं. पावाचा एक तुकडा आणि मनुकांच्या पाण्याचा एक घोट. पूर्वीच्या कुण्या साहेबानं दिलेला चांदीचा एकच मोठा पेला होता, तो हातोहात बाकांवरून फिरायचा.

"मंग मला बी त्यातच मिळंल, का येगळं?"

"माझ्या हातातला पेला तुझ्या हातात येईल. वेगळंबिगळं आपल्यात नसतं. तसं झालं तर मी नावाची बनुबाई नाही."

लंकाबाईनं मान हलवली. तिला दुसरं काही नको होतं. धान्य नको, पोरीला बोर्डिंगात जागा नको. साऱ्या गावानं जन्मभर जे दिलं नव्हतं तेवढं एक तिला हवं होतं, आणि बनुबाई शब्द देऊन बसली.

देवळात बाप्तिस्म्यासाठी लंकाबाईचं नाव पुकारलं गेलं आणि मंडळीला घाम फुटला. उघड कुणी काही बोललं नाही. उघड बोलायला हिंमत लागते. कुणाचं डोकं दुखू लागलं, कुणाच्या म्हशीला कळा येऊ लागल्या, कुणाला त्याच रविवारी राहात्याच्या बहिणीची आठवण झाली. प्रभुभोजनाला देऊळ ओस पडलं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, म्हातारे आणि भिडस्त. ते म्हणाले, बाप्तिस्मा जरा पुढं ढकलू. पुढं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

या सगळ्यामागं कोण होतं ते बनुबाईला विचारायची गरज नव्हती. सहादेव मास्तर. मंडळीतले वडीलजन, मिशनच्या शाळेचे हेडमास्तर, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावणारे. तो माणूस तसा लुच्चा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर गोष्ट फार सोपी होऊन बसेल. पोरांना जीव तोडून शिकवायचा. एकदा घोडेगावच्या बाजारात हॉटेलवाल्यानं त्याला छपरात खोचलेल्या करवंटीत चहा दिला. मास्तर तो चहा जमिनीवर ओतून थरथरत घरी आला होता आणि पुढच्या रविवारी त्यावर असा बोलला होता की बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. बनुबाईनंही लावला होता.

त्या वर्षी मिशननं एक नवं काम काढलं होतं. इथला एक उपदेशक आफ्रिकेत पाठवायचा. अमेरिकेनं आपल्याकडं माणसं पाठवली, आता आपण पुढं पाठवायची. त्यासाठी घरोघरच्या बायकांनी दळण काढताना एक मूठ बाजरी बाजूच्या मडक्यात टाकायची. तिला 'आफ्रिकेची मूठ' म्हणत. या कामात भालोरीचा नंबर साऱ्या तालुक्यात पहिला. सहादेव मास्तर नकाशावर बोट ठेवून आफ्रिका दाखवायचे तेव्हा त्यांचा आवाज भरून यायचा.

बनुबाई त्यांच्या घरी गेली तेव्हा मास्तरांची बायको केशरबाई मडक्यात मूठच टाकत होती. चांगली गच्च मूठ, सांडेपर्यंत भरलेली.

"मास्तर," बनुबाई उंबऱ्यावरूनच म्हणाली, "आफ्रिकेतला एखादा उद्या भालोरीला आला तर त्याला पेला द्याल?"

"देऊ की. म्हणजे काय! तो आपला बांधव."

"आणि लंकाबाई?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्ही रागावू नका. तो प्रश्न वेगळा आहे. तो माणूस लांबचा, त्याला कुणी ओळखत नाही. लंकाबाईला सगळे ओळखतात. आपल्या पोरी उद्या उजवायच्या आहेत. आधीच गावात आपली काय किंमत आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यात हे."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," बनुबाई म्हणाली, "आणि मास्तर, पुढचं तुम्ही वर्गात शिकवता, मी कशाला सांगू."

केशरबाई मडक्यावर झाकण ठेवून म्हणाली, "बाई, तुमचं काय जातंय? तुमच्यामागं ना लेक ना सून."

बनुबाई उंबऱ्यावरूनच माघारी फिरली. घरी जाऊन तिनं चूल पेटवली, पण भाकरी खाववेना. जन्मभर ज्यांना वरून ओंजळीत पाणी मिळालं, त्यांनी आता आपल्या हाताखाली कुणाची तरी ओंजळ शोधावी. सासूनं छळलं म्हणून सुनेला छळायचं, तसलं हे. तिला त्या माणसांचा, त्या कोटाचा, त्या गच्च मुठीचा असा वीट आला की आफ्रिकेसाठी स्वतः ठेवलेलं मडकं तिनं उचललं आणि कोंबड्यांपुढं रिकामं केलं.

तोंडावर नाही म्हणणं सहादेव मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. ते नगरला मिसबाईंकडं गेले. मिसबाई म्हणजे या भागातलं काम पाहणारी अमेरिकन बाई, साधी, कष्टाळू, पुस्तकी मराठी बोलणारी. मास्तरांनी त्यांना सांगितलं, की मंडळीत क्षयाची फार भीती पसरली आहे, एका पेल्यातून प्यायला लोक कचरतात, म्हणून उपस्थिती घटली. मिसबाईंना ते इतकं पटलं की त्यांनी मास्तरांची पाठ थोपटली. खेड्यातली माणसं जंतूंचा विचार करू लागली, याहून आनंदाची गोष्ट कोणती! त्यांनी अमेरिकेतल्या आपल्या गावच्या चर्चला कळवलं. तिकडच्या बायकांनी केक विकले, गोधड्या विकल्या आणि भालोरीसाठी काचेचे पेले घेतले. प्रत्येकाला आपापला, अंगठ्याएवढा.

लढाई नुकतीच संपलेली, बोटी धड चालत नव्हत्या. पेटी यायला वर्ष गेलं. ते सारं वर्ष लंकाबाई थांबली. बनुबाई जायची तेव्हा ती विचारायची नाही, पण बनुबाईच्या तोंडाकडं एकदा बघायची आणि पुन्हा दोराकडं बघायची. त्या बघण्यानं बनुबाईचा जीव अर्धा व्हायचा.

पेटी आली आणि भालोरीत सण झाला. गवतात गुंडाळलेले इवले इवले पेले, गोल चकचकीत ताटात भोकं, प्रत्येक भोकात एक. माणसं वाकून वाकून बघत होती. सगळ्यांची डोकेदुखी एकदम थांबली. सहादेव मास्तर बनुबाईला म्हणाले, "बघा बाई, देवानं कसा मार्ग काढला. आता लंकाबाईचा बाप्तिस्मा खुशाल होऊ द्या."

देवानं मार्ग काढला! बनुबाईला त्या पेल्यांकडं बघवेना. घासूनपुसून स्वच्छ केलेली, उजेडात चमकणारी, सातासमुद्रापलीकडून मायेनं पाठवलेली ती काच, आणि तिच्यात भरून ठेवलेली ही घाण. पण लंकाबाईचं वर्ष पणाला लागलं होतं. एक पेला नाही तर नाही, निदान एका ताटातले पेले आहेत, असं तिनं मनाला समजावलं आणि ओढा ओलांडून लंकाबाईला सांगून आली. लंकाबाईनं फक्त विचारलं, "समद्यांसारखाच ना?" बनुबाई म्हणाली, "अगदी सगळ्यांसारखा."

त्या रविवारी मिसबाई मोटारीनं आल्या, गळ्यात कॅमेरा. अमेरिकेला फोटो पाठवायचा होता. बनुबाईनं पहाटेच सगळे पेले गरम पाण्यानं धुतले. पुसायला केशरबाई आपण होऊन आली. बनुबाईला नवल वाटलं, पण लंकाबाईला आणायला जायचं होतं, म्हणून ती फडकं तिच्या हाती देऊन गेली.

लंकाबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. पाळकसाहेबांनी तिच्या कपाळावर पाणी शिंपडलं, प्रार्थना केली. ती खाली मान घालून उभी होती, पण तिचे ओठ प्रार्थनेबरोबर हलत होते. एकही शब्द चुकला नाही. मग ती येऊन बनुबाईशेजारी शेवटच्या बाकावर बसली. त्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

पाव फिरला. मग सहादेव मास्तर पेल्यांचं ताट घेऊन एकेका बाकापाशी थांबत आले. शेवटच्या बाकाशी आल्यावर त्यांनी ताट हातातल्या हातात थोडं वळवलं. एक पेला लंकाबाईच्या बरोबर समोर आला. बाकीच्या पेल्यांसारखाच तो होता, फक्त त्याच्या बुडाशी लाल दोऱ्याचे दोन वेढे घट्ट बांधलेले होते. धुताना ओळखू यावा, दुसऱ्या कुणाच्या तोंडाला चुकून लागू नये, म्हणून. दोर वळण्यात जन्म गेलेल्या बाईला दोरा दिसणार नाही असं केशरबाईला वाटलं असेल, तर तिच्या अकलेची कीवच करायला हवी.

लंकाबाईचा हात ताटाशी गेला आणि तिथंच राहिला.

बनुबाईनं तो पेला उचलला. मास्तरांच्या डोळ्यांत बघत तिनं अर्धा प्याला आणि उरलेला लंकाबाईच्या हातात दिला. पुढच्या बाकांवरची डोकी वळली. कॅमेऱ्याचा खटका वाजला. केशरबाईनं तोंडाला पदर लावला, जणू तिलाच कुणी काही पाजलं होतं.

लंकाबाईनं तो पेला थोडा वेळ हातात धरला. मग न पिता बाकावर ठेवला, पदर सारखा केला आणि उठून देवळाबाहेर गेली. तिच्यामागं जाण्यासाठी बनुबाई उठली तेवढ्यात शेवटची प्रार्थना सुरू झाली, आणि जन्मभराच्या सवयीनं तिचे डोळे मिटले.

बाहेर लिंबाखाली मिसबाईंनी तिला बाजूला घेतलं. "बनुबाई, आज आपण चुकलात," त्या मायेनं म्हणाल्या. "एका पेल्यातून दोघींनी पिणे आरोग्यास हितकारक नाही. मग हे पेले आपण कशासाठी मागविले?"

बनुबाईनं मुठीत धरून आणलेला पेला त्यांच्यापुढं केला. "हा दोरा कुठल्या रोगावर आहे, तेवढं मला सांगा."

मग तिनं सगळं सांगितलं. क्षयाचं सोंग, ओस पडलेलं देऊळ, ओढा, सगळं. मिसबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर जमिनीकडं बघत म्हणाले, "फडक्याचा धागा अडकला असेल." मिसबाईंनी तो दोरा बोटानं चाचपला. त्यांना कळलं होतं, हे बनुबाईला स्पष्ट दिसलं. आणि म्हणूनच त्या पुढं जे बोलल्या त्याची तिला शिसारी आली.

"पुढील महिन्यात धागा नसेल, हे मी पाहीन," मिसबाई हळू आवाजात म्हणाल्या. "परंतु ही गोष्ट बाहेर जाऊ नये. तिकडील भगिनींनी फार प्रेमाने दिले आहे. त्यांना दुःख होईल. आफ्रिकेच्या कार्यालाही बाधा येईल."

"तुमच्या भगिनींना दुःख होईल," बनुबाई म्हणाली. "बरोबर आहे. लंकाबाईला काय, सवय आहे." खांद्याची पिशवी तिनं काढली आणि मिसबाईंच्या मोटारीच्या पायरीवर ठेवली. एवढा अपमान मिशनमध्ये आजवर कुणी कुणाचा केला नव्हता, असं पुढं लोक बरीच वर्षं सांगायचे. तेव्हा मात्र सगळे खाली बघत उभे होते.

ऊन चांगलंच तापलं होतं. बनुबाई तरातरा ओढ्याकडं निघाली. सगळ्यांची किळस आली होती तिला, कोटाची, पदराची, कॅमेऱ्याची. आणि खरं सांगायचं तर थोडा राग लंकाबाईचाही आला होता. आपण एवढ्या सगळ्यांच्या देखत तिच्या पेल्यातलं प्यालो, दिलेला शब्द राखला, आणि ही बया पेला ठेवून निघून गेली!

लंकाबाई दारात बसली होती. हिरवं लुगडं बदलून झालं होतं. पुढं घायपात पडलं होतं, हात चालू होते.

"का गं प्याली नाहीस?" बनुबाईनं उभ्या उभ्याच विचारलं. "मी प्याले ना त्यातलं? तुझ्यादेखत प्याले."

"प्यालात," लंकाबाई म्हणाली. "तुमी आदी प्यालात, मंग मला दिलंत."

"मग?"

"तुमचं उष्टं मी प्याले असते वो बाई. आमी जलमभर लोकांचं उष्टंच खातो. त्यात नवं काय हाय?" तिच्या आवाजात राग नव्हता. "सा-सात वरसं तुमी हितं येता. माज्या पोरीचा कान धुतला, माजं बाळंतपन काढलं. लई केलं तुमी. पन माज्या घरचं पानी कंदी घेतलं न्हाई. तान लागली की 'येते आता' म्हनून उठता."

बनुबाईनं तोंड उघडलं. ओढ्याचं पाणी खराब, त्यानं रोग होतात, मिशनमध्ये उकळलेलं प्यायला शिकवलं आहे, हे सगळं तिच्या जिभेवर आलं. रोगाचं नाव जिभेवर आलं आणि ती कातरीसारखी जीभ जागच्या जागी थांबली. आरोग्याची सबब तिनं आधी एका कोटवाल्याची ऐकली होती आणि त्याच सकाळी एका कॅमेरावालीची.

लंकाबाई उठून आत गेली. रांजणातून जर्मनचं एक चेपलेलं भांडं भरून घेऊन आली. आधी स्वतः तोंड लावून एक घोट प्याली आणि मग भांडं पुढं केलं.

बनुबाईनं भांडं घेतलं. लगेच घेतलं, जराही थांबली नाही. तोंडाशी नेलं. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की भांडं वर नेता नेता आपल्याच बोटांनी ते फिरवलं आहे, लंकाबाईचं तोंड लागलेली कड पलीकडं आणि कोरडी कड आपल्या ओठांशी. मनानं सांगितलं नव्हतं, बोटांनीच केलं होतं. त्या दिवसातली सगळ्यात मोठी किळस तिला आपल्या त्या बोटांची आली.

तिनं भांडं परत फिरवलं. ओली कड ओठांशी आणली आणि तळ दिसेपर्यंत प्याली.

भांडं खाली ठेवून तिनं पाहिलं, तर लंकाबाईनं सगळं बघितलं होतं. बाईला लाज वाटू नये म्हणून ती खाली वाकून घायपात निवडत बसली होती.